पिवळ्या पाट्यांच्या खोऱ्यातून

बर्न, १८ जुलै

प्रिय वासू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढी स्वित्झर्लंडला गेलीस आणि नुसती चाललीस?" तेव्हा मागे नातवाचा आरडाओरडा चालू होता, धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिल्या दिवसाची फजिती मीच सांगून टाकते, नाहीतर शाल्मली तुला तिखटमीठ लावून सांगेलच. बर्नहून इंटरलाकेन ओस्टला तासाभरात पोचतो, तिथून लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. पण ही छोटी गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेन नावाच्या स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यांवर ठळक लिहिलेलं असतं. मी खिडकी बघून चढले, शाल्मली पाणी भरून मागून आली ती दुसऱ्याच डब्यात. थोड्या वेळाने फोन. "आई, कुठे आहेस?" "गाडीतच आहे." "मीपण गाडीतच आहे." मग आम्ही दोघी गप्प. त्या स्टेशनाच्या नावातच दोन नद्या आहेत, पांढरी ल्युचिने आणि काळी ल्युचिने. तिथे त्या मिळतात. लेक पांढरीच्या काठाने गेली, आई काळीच्या. पुढच्या गाडीने मुकाट्याने परत आले. पांढरीचं पाणी खरंच पांढरट असतं बरं का, पातळ ताकासारखं. हिमनदी खालचा दगड घासून घासून त्याचं पीठ करते, ते पाण्यात तरंगत येतं.

लाउटरब्रुनेनचं खोरं म्हणजे दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि मधे सपाट हिरवी जमीन. कधीकाळी इथे हिमनदी होती, तिनेच ते असं खरवडून काढलं. या खोऱ्यात बहात्तर धबधबे आहेत म्हणतात. मी मोजले नाहीत. गावालगतचा श्टाउबबाख २९७ मीटरवरून पडतो, पण खाली धार अशी येतच नाही. वारा मधेच उचलतो आणि त्याची धूळ होते. नावाचा अर्थही तोच, धुळीचा ओढा. नाणेघाटात पावसाळ्यात पाणी उलटं उडून आपल्या तोंडावर आलं होतं, आठवतं? तुझा चष्मा धुऊन निघाला होता.

ट्र्युमेलबाख मात्र बघण्यापेक्षा ऐकण्याचा आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं. आत लिफ्टने जायचं आणि मग दगडी जिन्यांनी. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती, पिठाच्या गिरणीत पट्टा चालू असताना खांब थरथरतो ना, तशी. सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत पाणी जातं म्हणे. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजारांचा टँकर येतो, आणि तो वेळेवर आला नाही की वॉट्सॅपवर युद्ध पेटतं. इथे सेकंदाला दोन टँकर नुसते वाहून जातात. बाहेर येऊन मी पहिला हाच हिशेब केला. शाल्मली म्हणाली, "आई, तू कुठेही गेलीस तरी पुण्यातच असतेस."

आता मूळ विषय. पाट्या.

इथे प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते. टोकदार, काळी अक्षरं, गावाचं नाव आणि पुढे वेळ. अंतर नाही, वेळ! एक तास दहा मिनिटं. दोन तास पंचवीस मिनिटं. देशभरात अशा ६५,००० किलोमीटर वाटा पाट्या लावून राखलेल्या आहेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट, बूट चांगले हवेत आणि डोकं गरगरता कामा नये. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर आपण दोघींनी फोटो काढायचा आणि मागे फिरायचं.

आपल्याकडे कसं असतं? "दादा, गड किती लांब?" "हे काय, आलंच की. बिडी संपेस्तोवर पोचाल." मग दोन तास चढ. आपण त्याला शिव्या घालत गेलो, पण त्या "आलंच की"नेच वर पोचलो, हे आता कळतंय. पाटी असा धीर देत नाही. सपाटीला ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास चालणारा माणूस धरून, चढउताराचा हिशेब घालून तिने वेळ काढलेली असते, आणि थांबणं त्यात धरलेलंच नसतं. पाणी प्यायला, फोटोला, "अगं ते फूल बघ"ला शून्य मिनिटं.

पहिल्या दिवशी मला पाट्यांचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी राग आला. पंचेचाळीस मिनिटांच्या वाटेला मला सत्तर लागली आणि कोणी ओरडत नसताना ओरडा खाल्ल्यासारखं वाटलं. एकसष्टाव्या वर्षी परीक्षेत वेळ कमी पडल्यासारखं! तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. पाटीची वेळ गुणिले दीड, हा माझा भाव. तेव्हापासून मी रोज वेळेच्या आधी पोचते.

एक वाट तुझ्यासाठी म्हणूनच चालून पाहिली. लाउटरब्रुनेनहून केबल कारने वर ग्रुट्शआल्पला जायचं आणि तिथून कड्याच्या माथ्याने म्युरेनपर्यंत चालायचं. साधारण साडेचार किलोमीटर, हळूहळू चढत जाणारी रुंद वाट, आणि समोर दरीपलीकडे ती तीन शिखरं सगळा वेळ बरोबर. गंमत अशी की वाटेशेजारून छोटी रेल्वे जाते, १८९१ पासून. मधे विंटरेगला स्टेशन आहे, चीज करणारी डेअरी आहे. गुडघा कुरकुरला तर तिथे गाडीत बसायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही.

आणि ऐक, म्युरेन किती उंचीवर आहे माहीत आहे? १,६३८ मीटर. कळसूबाई १,६४६. म्हणजे आपण शिड्या चढून, लिंबू सरबत पिऊन, देवीला नमस्कार करून ज्या उंचीवरून खाली उतरलो, त्या उंचीवर इथे अख्खं गाव नांदतं. घरांसमोर रचलेली लाकडं, खिडक्यांत लाल फुलं. गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे आवाज फक्त गाईंच्या घंटांचा. घंटा केवढाल्या! एकेक आपल्या मारुतीच्या देवळातल्या घंटेएवढी.

गाईंवरून आठवलं. वाटा त्यांच्या कुरणांतून जातात आणि कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते. वाटेवर आडव्या तारेला प्लॅस्टिकची मूठ असते. मूठ धरून आकडा काढायचा, पलीकडे जायचं आणि आठवणीने परत अडकवायचा. मी मुठीलाही हात लावायला तयार नव्हते. म्हटलं, वाकून खालून जाते. वाकले, पण पाठ काही तेवढी वाकली नाही. चटका बसला तो बसलाच, वर तीन गाई चरायच्या थांबून बघत राहिल्या. वासरं बरोबर असली की मात्र त्यांच्यापासून लांब राहायचं, तशा पाट्याही असतात.

मेनलिखेन ते क्लाइने शायडेग ही दुसरी वाट, जरा उतरती. व्हेंगेनहून केबल कारने वर जायचं, दीडेक तास चालायचं (तुझेमाझे सव्वादोन), शेवटी पुन्हा रेल्वे. गर्दी असते. पण शायडेगला बाकावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात आयगरची उत्तर भिंत समोर घेऊन बसलो, ते मी विसरणार नाही. भिंतच जवळपास १,८०० मीटरची आहे, वासू. समुद्रसपाटीपासूनची कळसूबाई उभी केली तरी तिच्यापेक्षा बुटकी. कित्येक जण तिच्यावर मेले, आणि १९३८ च्या जुलैत हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक हे चौघं पहिल्यांदा वर पोचले. त्याच्या कितीतरी आधी, १९१२ मध्ये, याच डोंगराच्या पोटातून बोगदा खणून ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखपर्यंत रेल्वे नेली होती. म्हणजे बाहेर माणसं दोरीवर लटकत होती आणि आत प्रवासी तिकीट काढून बसलेले! शेजारच्या बाकावर मराठी ऐकू आलं, "वर जेवण मिळेल ना हो?" मी उरलेली चटणी त्यांना दिली.

आता ओबरश्टाइनबर्ग. हे तुझ्यासाठी नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही नव्हतं.

खोऱ्याच्या शेवटी श्टेखेलबर्ग. तिथे रस्ता संपतो. पुढे पायवाट, जंगलातून सतत चढ, साडेआठशे मीटरांहून जास्त. वर १,७७८ मीटरवर एक जुनं डोंगरी हॉटेल आहे, वीज नाही, रात्री मेणबत्ती. सामान खेचरावरून येतं. माझा दीडपट भाव तिथे चालला नाही, दुप्पटीच्या जवळ गेला. वाटेत एक बाई मागून आली, सत्तरी नक्की ओलांडलेली, दोन काठ्या टेकत. "ग्रुएसेख" म्हणाली. इथला राम राम तो, वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणतो. मी "ग्रुएसेख" म्हणायला श्वास गोळा करेपर्यंत ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आणखी वर ओबरहोर्न तलाव आहे, २,०६५ मीटरवर. मला तो बघायचाच होता. पाटीशी उभी राहिले. मागे ब्राइटहोर्नवर ढग चढायला लागले होते. शाल्मली म्हणाली, "आई, नको. इथे दुपारी वीज पडते." मी म्हटलं, "एवढ्याशा ढगांना काय भ्यायचं?" आणि म्हणताना माझ्याच तोंडून तुझा आवाज ऐकला. राजगड-तोरण्याच्या सोंडेवर तू अगदी हेच म्हणाली होतीस. नंतरची रात्र एका प्लॅस्टिकखाली सहा जणी, आणि तुझी पोह्यांची ओली पिशवी.

फिरले मागे. अर्ध्या तासात गारा. पत्र्यावर त्या वाजत होत्या आणि मी आत गरम सूप पीत होते. तू असतीस तर आपण दोघी तिथे वर असतो, भिजून चिंब आणि एकमेकींवर भडकलेल्या.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात तुला लिहायला घेतलं होतं, चार ओळींत झोप आली. सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. शाल्मली तलावाकडे गेली, मी नाही गेले. पाय भरून आले होते, आणि खरंच, हौसही उरली नव्हती. अंगणात ऊन खात बसले. समोर हिमनद्या होत्या, आणि त्यांच्या खाली उघडा पडलेला करडा दगड. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच या देशातला सुमारे दहा टक्के हिमनदीचा बर्फ गेला. दगडांतून मर्मोट शिट्ट्या घालत होते. लठ्ठ प्राणी, मांजराहून मोठा, मागच्या पायांवर उभा राहून गुरख्यासारखी शिट्टी घालतो. शाल्मलीने परत येऊन तलावाचा फोटो दाखवला. परातीएवढं निळंशार पाणी. सुंदर आहे. पण शिट्ट्यांच्या बदल्यात मी दिला नसता.

उतरताना मात्र गुडघ्यांनी सगळं वसूल केलं. दोन दिवस जिना उतरताना मी नवीन सुनेसारखी एकेक पायरी बघत होते. तेव्हा एक गोष्ट पटली. लोणावळ्याला टायगर पॉइंटपर्यंत गाडीने येणाऱ्यांना आपण हसायचो ना? इथे म्हातारे लोक बिनदिक्कत केबल कारने वर जातात, हवं तेवढं आडवं चालतात आणि गाडीने उतरतात. कोणी कोणाला हसत नाही. चढ दमवतो, पण गुडघा खातो तो उतार. तो उतार इथे विकत टाळता येतो. महाग आहे, कॉफीसुद्धा पाच फ्रँकच्या आसपास, पण निम्म्या भाड्याचं कार्ड काढता येतं, आणि दशम्या तर आपल्याच.

म्हणून हे सगळं. डावा गुडघा बदलल्यापासून तू "आता डोंगर संपले" म्हणतेस, ते मला मान्य नाही. पुढच्या जूनमध्ये ये. शाल्मलीची खोली रिकामी असते. डॉक्टरांना विचार, पण "ट्रेक" हा शब्द वापरू नकोस. "सपाट रस्त्यावर दोन तास चालू का?" असं विचार. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा पासपोर्टची मुदत आजच बघ. शेवटचा कुठे ठेवला होतास, दागिन्यांच्या डब्यात की गॅसच्या पुस्तकाबरोबर?

ग्रुट्शआल्प ते म्युरेन. पाटी काहीही म्हणू दे, आपण तिच्या दुप्पट वेळ धरू आणि विंटरेगला अर्धा तास वेगळा. तुझी ती राजगडची वेळूची काठी आणू नकोस, विमानात हातात घेऊ देणार नाहीत. इथे काठ्यांची जोडी आहे. एक तू घे, एक मी.

तुझी,
मंजू