एम.ए. मानसशास्त्रवाल्यांनो, फी भरण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

प्रवेश जवळ आलेत, म्हणून पुन्हा सांगते. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार त्यापुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता लागते.

माहितीपत्रकात 'मान्यताप्राप्त' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे स्वतः बघा. गेल्या वर्षी आपल्यातल्या एकीने न बघताच फी भरली. वर्ष गेलं, पैसेही परत मिळाले नाहीत. तिची तगमग मी जवळून पाहिली आहे.

दूरस्थ किंवा ऑनलाइन मानसशास्त्राच्या जाहिराती आल्या तर लक्षात असू द्या: यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते बंद केलं आहे.

समुपदेशनाकडे जाणाऱ्यांनी एक नक्की विचारा: केसेसवर सुपरव्हिजन कोण करणार आणि आठवड्याला किती तास? उत्तर गुळमुळीत आलं तर घाई करू नका.

रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या ठिकाणी जमू. माहितीपत्रकं सोबत आणा, एकत्र बसून तपासू.