ऑल-स्टारची जागा अर्ध्या हंगामाच्या कामाला द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मेजर लीग बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला सामना, यंदा 14 जुलैला फिलाडेल्फियात आहे. आमचे घर नदीपलीकडे न्यू जर्सीत, आणि या भागातल्या मराठी घरांमधली मुले क्रिकेटइतकीच फिलीज या फिलाडेल्फियाच्या संघाच्या सामन्यांवर वाढलेली आहेत. मतदानाच्या दिवसांत एका ई-मेलवरून चोवीस तासांत पाच वेळा मत देता येते. रात्रीची जेवणे झाली की आमचा मुलगा आधी स्वतःची पाच मते देतो, मग आजोबांच्या ई-मेलवरून आणखी पाच. आजोबा त्याला प्रत्येक नावाला विचारतात, "ह्याने यंदा केलंय काय?" निवड करणाऱ्या प्रत्येकाने हाच प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन्ही लीगचे प्रत्येकी 32 खेळाडू निवडले जातात. सुरुवातीचे बॅटर चाहते निवडतात, काही जण खेळाडूंच्या आपापसातल्या मतदानातून येतात आणि उरलेल्या जागा लीगचे कार्यालय भरते. कोणी जखमी झाले, किंवा आदल्या रविवारी पिचिंग (चेंडूफेक) केल्यामुळे उपलब्ध नसले, तर बदली नावेही कार्यालयच ठरवते. निवडीवरून ओरड झाली की दरवेळी बोट चाहत्यांकडे दाखवले जाते. ते अर्धेच खरे आहे.

चाहत्यांनी गोंधळ घातलेला आहे, हे मान्य. 1957 साली सिनसिनाटीच्या वर्तमानपत्राने आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या, लोकांनी त्या कापून पाठवल्या, आणि नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात सिनसिनाटीच्याच रेड्स संघाच्या खेळाडूंना गेल्या. सेंट लुइसचा स्टॅन म्युझियल तेवढा पहिल्या बेसवर टिकला. त्या सातांत फ्रँक रॉबिन्सनही होता, तो कोणत्याही यादीत शोभला असता. पण त्याच सातांतल्या गस बेल आणि वॉली पोस्ट यांच्यामुळे विली मेज आणि हँक अ‍ॅरन बाहेर राहणार होते! बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी बेल आणि पोस्टना सुरुवातीच्या संघातून वगळून मेज आणि अ‍ॅरनना घेतले, आणि पुढच्या वर्षापासून चाहत्यांचा मताधिकारच काढून घेतला. 2015 मध्ये कॅन्सस सिटीच्या चाहत्यांनी ऑनलाइन तसाच प्रयत्न केला. एका टप्प्यावर अमेरिकन लीगच्या नऊपैकी आठ जागांवर त्यांच्या रॉयल्स संघाचे खेळाडू आघाडीवर होते. बॅट जवळजवळ थंड पडलेला ओमार इन्फान्टे दुसऱ्या बेसवर होसे आल्तुवेच्या पुढे होता. लीगने सहा कोटींहून अधिक मते बाद केली, शेवटी रॉयल्सचे चार जण निवडून आले आणि दुसरा बेस आल्तुवेलाच मिळाला.

पण 1970 ची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या वर्षी मताधिकार परत मिळाला. अटलांटाच्या रिको कार्टीचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेच नव्हते. लोकांनी ते हाताने लिहिले आणि त्याला निवडून आणले. वर्षअखेरीस .366 सरासरीने लीगचा सर्वोत्तम बॅटर तोच ठरला. मतपत्रिका तयार करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला माणूस स्टेडियममध्ये बसणाऱ्यांना दिसला होता. म्हणून चाहत्यांचे मत काढून घ्या, असे मी कधीही म्हणणार नाही.

माझी तक्रार कार्यालयाने भरलेल्या जागांबद्दल आहे. 2025 मध्ये मिलवॉकीचा जेकब मिझिओरोस्की बदली पिचर म्हणून संघात आला, तेव्हा मेजर लीगमध्ये त्याचे अवघे पाच सामने झाले होते. इतक्या कमी सामन्यांवर कोणीही ऑल-स्टार झालेले नव्हते. त्याआधीचा सर्वांत कमी आकडा पॉल स्कीन्सचा होता, 2024 मधले 11 सामने. तेव्हा तेवीस वर्षांचा असलेला हा मुलगा ताशी 100 मैलांहून वेगाने चेंडू टाकतो, टीव्हीवर बघायला विलक्षण वाटतो. बोलावणे आले तर तो जाणारच, त्याला बोल लावायचे कारण नाही. पण त्याच मोसमात फिलीजचा क्रिस्तोफर सांचेस मार्चअखेरीपासून दर पाच-सहा दिवसांनी पिचिंगला माउंडवर उभा राहत होता, आणि मूळ यादीत त्याचे नाव नव्हते. फिलीजच्या खेळाडूंनी पत्रकारांसमोर उघड संताप व्यक्त केला. हंगाम संपला तेव्हा सांचेसच्या नावावर 202 इनिंग आणि 2.50 चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) होता, आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो नॅशनल लीगमध्ये दुसरा आला.

मी फिलीजचा चाहता आहे म्हणून हे लिहितो, असे कोणी म्हणेल. सांचेस पिट्सबर्गचा असता तरी हेच लिहिले असते. ऑल-स्टार निवड नावापुढे कायमची लागते. करारांत तिच्यासाठी बोनसची कलमे असतात, आणि वीस वर्षांनी हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानाची, चर्चा निघाली की "किती वेळा ऑल-स्टार?" हा प्रश्न हटकून येतो. एका संध्याकाळचा टीव्ही कार्यक्रम रंगावा म्हणून ती जागा वाटायची नसते.

प्रत्येक संघाचा किमान एक खेळाडू हवा, या नियमावरही टीका होते. मला तो नियम पटतो. 2024 चा शिकागो व्हाइट सॉक्स 121 सामने हरला, तरी त्यांचा गॅरेट क्रॉशे ऑल-स्टारला पूर्ण पात्र होता. हरणाऱ्या संघात राबणाऱ्याकडे एरवी कोण बघतो? ज्येष्ठांना मान म्हणून 2022 मध्ये अल्बर्ट पुहोल्स आणि मिगेल काब्रेरा यांना, 2025 मध्ये क्लेटन कर्शॉला घेतले, त्यालाही माझी हरकत नाही, कारण त्या जागा वेगळ्या आणि जाहीर होत्या. तीच सोय नव्या चेहऱ्यासाठी करा. कोवळ्या पिचरचा वेग जगाला दाखवायचाच असेल, तर त्यासाठी वेगळी तेहतिसावी जागा निर्माण करा.

फिलाडेल्फियाच्या सामन्याआधी लीगने दोन गोष्टी कराव्यात. कार्यालयाने निवडायच्या, सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरसाठी त्या हंगामातले किमान दहा सामने ही अट घालावी. आणि बदली नाव जाहीर करताना, त्याआधी कोणाकोणाला विचारले आणि कोणी नकार दिला, हेही त्याच दिवशी छापावे.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी