परसातली भट्टी आणि मिस्त्रीकाका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. "ते राहू द्या ताई, पत्रा नीट बसलाय का बघा," म्हणता आणि चहा संपवून निघता. म्हणून हे जाहीर पत्र. नातीला मोबाइलवर वाचून दाखवायला सांगा आणि मध्येच "बास" म्हणून तिला थांबवू नका.

जाहीर लिहिण्याला दुसरंही कारण आहे. सहकारनगरच्या आमच्या परसात पिझ्झा खायला येणारा प्रत्येक जण दुसरा तुकडा उचलताना विचारतो, "भट्टी कुणी बांधली?" आणि लगेच तुमचा नंबर मागतो. नंबर मी कुणालाही दिलेला नाही. निवृत्त माणसाला दर रविवारी कोथरूड ते वाघोली घमेली उचलायला लावण्याचं पाप माझ्या माथी नको. त्यापेक्षा तुम्ही काय केलंत आणि का केलंत, तेच लिहून टाकते. ज्याला बांधायची असेल त्याने वाचावं.

तुम्ही शेजारी लेकीकडे राहायला आलात तेव्हा आमचं फक्त जोतं झालं होतं, काळ्या दगडाचं, कमरेएवढं. पुढचं काय, याचे सल्ले चहूकडून येत होते. एका दुकानदाराने तर "साधं सिमेंट घ्या, नातवंडं पिझ्झा खातील" अशी हमीच दिली होती. तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, "ताई, आत किती डिग्री जाणार?" चारशेच्या वर, म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि फाटक उघडून सरळ आत आलात. सिमेंट चारशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान आतून मोडतं, त्यातलं पाणी निघून जातं आणि कळीचा चुना उरतो, हे तुम्ही जोत्यावर बसून सांगितलंत. मग पावसाळा आला की तोच चुना हवेतली ओल पिऊन फुगतो आणि सांधे उकलतात. भट्टी आगीने फुटत नाही, आगीनंतरच्या पावसाने फुटते, हे तुमचं वाक्य. आपल्याकडचे चार महिने जमेस धरून बोलणारा तुमच्यासारखा दुसरा कुणी भेटला नव्हता. परदेशी व्हिडिओत हे कोण सांगणार?

तुमची उमेदीची वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत क्युपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीला, आतून अस्तर लावण्यात गेली, हे मला नंतर काकूंकडून कळलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून झालं की भट्टी निवायची, मग पोटात उतरून आगीने खाल्लेल्या विटा खरवडायच्या आणि नवा गारा थापायचा. पुढे विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या तेव्हा सिलिकाची भुकटी ठोकून अस्तर करायला शिकलात. चौदाशे अंशांच्या आसपास ओतलं जाणारं लोखंड ज्याने आयुष्यभर सांभाळलं, त्याने आमच्या पिझ्झाच्या भट्टीला हसून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही हसलात, पण सोडून दिलं नाहीत.

विटा निवडायला भोसरीला मला बरोबर घेऊन गेलात, तो प्रकार मी अजून लोकांना करून दाखवते. कटनीची फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणारी वीट, नऊ बाय साडेचार बाय तीन इंच. प्रत्येक वीट डाव्या हातावर तोलायची, उजव्या हाताने दुसऱ्या विटेचा कोपरा हलकेच मारायचा आणि कान द्यायचा. खणकन वाजली तर इकडे, बद्द वाजली तर तिकडे. दुकानदार आधी वैतागला, मग तुम्ही कुठल्या खात्यात होतात ते कळल्यावर त्याने स्वतःच चहा मागवला. बद्द वाजलेल्या विटा तुम्ही फुकट मागून घेतल्यात. त्या कुटून, चाळून, फायर क्लेमध्ये, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीत, मिसळून सांध्यांचा गारा झाला. वाया काही गेलं नाही, हे तुम्हाला भट्टीपेक्षा जास्त आवडलं असावं असा माझा संशय आहे.

आता ज्यासाठी खरे आभार मानायचे ती गोष्ट. "ताई, उष्णता साठवायची वेगळी आणि अडवायची वेगळी. एकाच विटेकडून दोन्ही कामं मागू नका." पुण्यात ज्या दोन-चार घरगुती भट्ट्या मी बघून आले होते, त्या सगळ्यांनी भिंत जाड केली की काम झालं असं धरलं होतं. जड वीट उष्णता पिते, पण मागच्या बाजूने सोडूनही देते. जितकी जाड, तितकी लाकडं जास्त आणि तापायला वेळ जास्त. तुम्ही आतली वीट फक्त साडेचार इंच ठेवलीत आणि सगळं लक्ष तिच्या पाठीमागे दिलंत. तळाखाली हलक्या इन्सुलेशन विटा घातल्यात, ज्या पाण्याच्या बादलीत टाकून तरंगतात हे माझ्या मुलाला दाखवलंत. लोक घुमटावर गोधड्या चढवतात आणि तळ तसाच दगडावर टेकवतात, मग पिझ्झा वरून करपतो आणि खालून पांढरा राहतो, हे तुम्ही एकही पिझ्झा न खाता सांगितलंत.

आणि घुमटावर? मी उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे भाव विचारत होते. तुम्ही मावळातल्या एका भाताच्या गिरणीतून तुसाची जळकी राख पोत्यांनी आणवलीत. लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या मोठ्या डावातल्या, वितळलेल्या लोखंडाची ऊब जाऊ नये म्हणून वर हीच राख पसरतात, म्हणालात. घुमट आणि बाहेरची भिंत यांच्यात वीतभर पोकळी ठेवून ती कोरडीच भरली. भरताना सगळ्यांना मास्क लावायला लावलेत. मी पदर बांधला तर ओरडलात. ही धूळ छातीत बसली की निघत नाही, एवढंच बोललात, पण ज्या आवाजात बोललात त्यावरून पुढे काही विचारलं नाही. आज आत तळ चारशेवर असताना बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून आमच्या सासूबाई शेंगा सोलत बसतात.

घुमटाचं काम पाहायला तर अख्खी गल्ली जमली होती. तळाच्या मध्यावर सळई उभी, तिच्याभोवती फिरणारी प्लायची पाव कमान आणि तिच्या मापाने थापलेला ओल्या वाळूचा ढीग. आतला व्यास ३६ इंच, उंची १८. त्यावर ओल्या वर्तमानपत्रांचे थर. मला वाटलं वाळू सांध्यात चिकटू नये म्हणून. तेही होतंच, पण मुख्य कारण वेगळं: नंतर आतून वाळू उकरताना वाळू कुठे संपली आणि वीट कुठे सुरू झाली हे हाताला कळावं. मग अर्ध्या विटांची वर्तुळं. आतल्या कडा एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, बाहेरची फट गाऱ्याने आणि विटेच्या चिपांनी भरलेली. सगळ्यात वरची कळीची वीट तुम्ही घासून घासून बसवलीत आणि थापीच्या मुठीने दोनदा ठोकलीत.

वाळू काढायला दारातून पोटावर सरपटत मीच गेले होते. मूठमूठ उपसत वर पोहोचले आणि टॉर्च मारला, तर सांध्यांवर वर्तमानपत्राची शाई उलटी उमटलेली. "वधू पाहिजे"चा आख्खा रकाना. पहिल्या जाळात तो गेला, फोटो काढायचा राहिला.

दाराची उंची तुम्ही मनाने ११ इंच आणि "वर जरासं" धरलीत. मी आधी वाचलं होतं की दार घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के असावं; हिशेब केला तर सव्वाअकरा येतात. याहून उंच केलं तर उष्णता बाहेर पळते, ठेंगणं केलं तर आग गुदमरते. टक्केवारी ऐकवली तेव्हा "असेल" म्हणालात.

पहिला मोठा जाळ करायची मला भयंकर घाई होती आणि तुम्ही ती होऊ दिली नाहीत, याबद्दल तेव्हा मी तुमच्यावर मनातून चिडले होते. आधी नुसता कागद नि काटक्या, मग बंबफोड, म्हणजे पाणी तापवायच्या बंबात घालायची बारीक फोडलेली लाकडं, मग मनगटाएवढी लाकडं, रोज थोडं जास्त. विटेत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट जागा मागतं, आणि जागा मिळाली नाही तर वीट फोडून करून घेतं. संध्याकाळी तुम्ही येऊन घुमटावर हात ठेवायचात, नाकाला ओल लागते का बघायचात आणि "उद्या" म्हणून परत जायचात. दर पावसाळ्यानंतर आम्ही हे पुन्हा करतो, तुमचा हात नसतो एवढंच.

लाकडाचंही तुमचंच ऐकतो. वाळलेली बाभूळ. वादळात पडलेला गुलमोहर फुकट मिळतो म्हणून आणायचा नाही, फर्निचरचं रंगवलेलं लाकूड किंवा प्लाय तर अजिबात नाही. बंबफोड हा शब्द वखारीत अजून चालतो, याचं मला फार बरं वाटलं. बंब मात्र आता बाल्कनीत झाडं लावायला उरलेत. जाड लाकडं खाली, बारीक वर आणि काडी सगळ्यात वर लावायची, म्हणजे धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळतो. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, ती बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली होती. वाटलं, तुम्ही न्यायालयावर रागवाल. तर तुम्ही म्हणालात, "रोजची भट्टी वेगळी, सणासुदीची वेगळी. पण शेजाऱ्याच्या नाकाला दोन्ही सारख्याच." तेव्हापासून पेटवायच्या आधी शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत आहेत का, ते बघूनच काडी ओढतो.

आता भट्टीचं कसं चाललंय ते सांगते, कारण तुम्ही ते विचारता आणि उत्तर पूर्ण ऐकत नाही. जाळ लावला की घुमट आधी काळाकुट्ट होतो. मग साडेतीनशेच्या आसपास कळीच्या विटेपासून काजळी जळायला लागते आणि पांढरा गोल खाली पसरत येतो. तो तळापर्यंत आला की निखारे बाजूला सारायचे. नेपल्सचे पिझ्झावाले स्वतःच्या नियमात ६० ते ९० सेकंद सांगतात, आमचा दीड मिनिटात होतो. (त्यांच्या या कलेला युनेस्कोने २०१७ साली वारशाच्या यादीत घेतलं. क्युपोलाच्या अस्तराला कधी घेणार, देव जाणे.) पिझ्झा उरकले की निखारे काढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा, दार लावून उष्णता मुरू द्यायची. मग चिमूटभर पीठ तळावर टाकून बघायचं: लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत. तुमचं हे पीठ आणि माझा लेझर थर्मामीटर यांच्यात फारसा फरक पडत नाही, हे कबूल करायला थर्मामीटरची किंमत आठवून जरा त्रास होतो.

पावानंतर वांगी, रताळी, मातीच्या भांड्यात रात्रभर राजमा. आणि सकाळी, एकही नवं लाकूड न घालता, दीडशे-एकशेसाठ अंशांवर नानकटाई. लहानपणी आम्ही तूप, पिठीसाखर, मैदा डब्यांत भरून बेकरीत न्यायचो, त्यांच्या पत्र्यांवर आपलीच नानकटाई भाजून घ्यायचो आणि घरी येईपर्यंत डब्याचं झाकण चारदा उघडायचो. रांगेत आई मात्र समोरच्या बाईचा पत्रा आपल्यात मिसळत नाही ना, यावर डोळा ठेवून असायची. गेल्या दिवाळीपासून गल्लीतल्या बायका डबे घेऊन आमच्याकडे येतात. पत्र्यांवर खडूने नावं घालतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पाकीट दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा काकूंच्या हाती दिलं तर त्या पैशांतून मुलासाठी ओळंबा येऊन पोहोचला. पिझ्झा तुम्हाला आवडत नाही, "चीज ताणतं" म्हणता. पण ज्या रविवारी तुम्ही निखाऱ्यांच्या कडेला बट्ट्या लावल्यात, जळगावची भरताची वांगी स्वतः पिशवीतून आणलीत आणि वरण कमी पडलं म्हणून मला दुसरं कुकर लावायला लावलंत, तेव्हा भट्टी कुणाची आहे याबद्दल घरात दुमत राहिलं नाही.

एक काम मात्र आहे. चिमणीच्या बुडाशी केसाएवढी भेग दिसते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली आहे. पावसाळाभर रेघेच्या पुढे सरकलेली नाही, म्हणजे नुसती तापण्या-निवण्याची असावी असा माझा अंदाज. तरी एकदा नजर टाका. दिवाळीआधीच्या रविवारी नानकटाईचा घाणा आहे, शनिवारी संध्याकाळी जाळ लावणार. चारपर्यंत या, काकूंनाही आणा. कणीक मी मळून ठेवते, बट्ट्या तुम्ही लावा. गारा कालवायला फायर क्ले शिल्लक आहे. चाळणी मात्र तुमची तुमच्याकडेच राहिली आहे, ती आठवणीने घेऊन या.

तुमची,
शेजारची ताई