डोंगरातलं गॉस्पेलही लक्षात घ्यावं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, गायनावरचा लेख आवडला. पण त्यात सगळा भर शहरांतल्या मोठ्या चर्चवर होता. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामाच्या डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या 'शेप नोट' गायनाचा एका ओळीतही उल्लेख नाही, याची रुखरुख लागली म्हणून लिहिते आहे.

या पद्धतीत छापील स्वराला आकार असतो. 'फा' त्रिकोणी, 'सोल' गोल, 'ला' चौकोनी, 'मी' शंकरपाळ्यासारखा. लिटल आणि स्मिथ यांच्या १८०१च्या पुस्तकातून ही चार आकारांची लिपी पसरली. १८४६मध्ये जेसी एकिन यांनी सातही स्वरांना वेगळे आकार दिले आणि पुढे गॉस्पेलची पुस्तकं त्याच आकारांत निघाली. फिरते शिक्षक गावात काही दिवस गानशाळा भरवत. तेवढ्यात साध्या शेतकऱ्यालाही पुस्तकात पाहून आपला आवाज धरता येई. शहरातल्या जाणकारांनी या लिपीला 'बकव्हीट नोट्स', म्हणजे कुट्टूचे दाणे, म्हणून हिणवलं. डोंगरातल्या माणसांनी मात्र ती सोडली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मुलीकडे टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला असताना तिथल्या एका छोट्या लाकडी चर्चमधल्या 'ओल्ड हार्प' गायनाला (शेप नोट गायनाला तिकडे असं म्हणतात) गेले होते. हातात 'न्यू हार्प ऑफ कोलंबिया' हे मूळ १८६७ सालचं गाण्यांचं पुस्तक, आडवं, जाडजूड. उंच-खालच्या चार आवाजांचे चार गट चौकोन करून एकमेकांकडे तोंड करून बसलेले. ज्याची पाळी येई तो मधे उभा राहून गाणं निवडे आणि हात वर-खाली करत ताल देई. वाद्य एकही नाही. आधी सगळे नुसते स्वरच गातात, आपल्या सरगमसारखे, आणि मग शब्द. शेजारच्या आजींनी मी कुठली, कोण, काही विचारलं नाही. "कुठल्या आवाजात गाता?" एवढंच विचारलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी अडखळले की त्या ओळीवर बोट ठेवून माझ्या कानाशी जरा मोठ्यानं गात. पायाखालची फळी अक्षरशः थरथरत होती. ऐकणाऱ्यांसाठी वेगळी जागाच नव्हती. आलेला प्रत्येक जण गात होता. मला आमच्या गावचा काकडा आठवला.

दुपारी सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण बाहेर झाडाखाली मांडलं, आणि जेवण आटोपताच पुन्हा गाणं.

अटलांटा, नॉक्सव्हिल या भागात आपली मराठी कुटुंबं आहेत. ही गायनं सर्वांना खुली असतात, तिकीट नसतं, पुस्तकही तिथे मिळतं. त्यांनी एखाद्या रविवारी जरूर जावं. आणि आपण पुरवणीत या परंपरेवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा