उताराची भीती

सातारा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

घरी सांगून उपयोग नाही आणि डॉक्टरांनी गुडघा निर्दोष ठरवून माझी बोळवण केली आहे, म्हणून तुलाच लिहितो: मला उतारावर धावण्याची भीती वाटू लागली आहे. आधी मनसोक्त हसून घे. बाकी प्रकृती ठीक.

मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही किनाऱ्याची पायवाट थोडी तरी धावायची, असे ठरवूनच बूट बरोबर घेतले होते. माइनहेडपासून पूल नावाच्या बंदराच्या मुखापर्यंत १,०१४ किलोमीटरची ही वाट चालणाऱ्यांना सात-आठ आठवडे पुरते. मी कॉर्नवॉलमधला सेंट आइव्ह्स ते झेनॉर एवढाच तुकडा धरला आणि परतीसाठी बसचे वेळापत्रक खिशात ठेवले. संपूर्ण वाटेवरचे सर्वांत उंच ठिकाण अवघे ३१८ मीटर, म्हणजे आपल्या साताऱ्यातल्या पोवई नाक्याहूनही कितीतरी खाली, हे वाचून सातारकराला जेवढा माज चढावा तेवढा मला चढला होता. पण याच वाटेवरच्या चढांची बेरीज सुमारे ३५,००० मीटर भरते. एकोणिसाव्या शतकात तस्करांवर पाळत ठेवणारे तटरक्षक इथे गस्त घालत. किनाऱ्याच्या प्रत्येक खाचेत डोकावता यावे म्हणून वाट कड्याला धरून राहते, आणि जिथे ओढा कडा चिरून समुद्राला मिळतो तिथे ती खाली उतरून लगेच वर चढते. आपल्याकडे साताऱ्याजवळचा यवतेश्वराचा घाट एकदा उतरला की सुटका तरी होते. इथे पुढचा उतार लगेच समोर उभा असतो.

चढांचे मला काही वाटले नाही. झेनॉरच्या अलीकडे मात्र ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांच्यामधून झिरपणारे पाणी आणि उजव्या हाताला खाली समुद्र, अशा एका उतारावर पाय मला न विचारता थांबले. घसरलो नाही, ठेचही लागली नाही. नुसते पुढचे पाऊल पडेना. काठ्या टेकत आलेल्या एका वृद्ध दांपत्याने नम्रपणे वाट मागितली आणि मी अजून दगड निवडत असताना ती दोघे खाली डबा उघडून बसलीसुद्धा.

ही भीती तिथेच राहिली असती तर पत्र लिहिलेच नसते. इथे यवतेश्वराच्या डांबरी रस्त्यावर ना धोंडे आहेत ना समुद्र, तरीही खाली शहर दिसू लागते त्या वळणापासून मी टाचा रोवून, मागे झुकून उतरतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जातानाच भार रोखतात, हे मला ठाऊक आहे. असे अडवत धावल्याने मांड्या अधिकच भरून येतात, हेही ठाऊक आहे. ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग होत नाही. वय झाले, असे मात्र लिहू नकोस. वयाचे कारण असते तर ते चढावर आधी कळले असते, आणि चढावर मी अजूनही तुला मागे टाकीन.

चढ दमाचा आणि उतार स्वभावाचा, असे तू म्हणालास त्यावरून आपण महिनाभर अबोला धरला होता. एसटी समोरून येत असताना वळण चुकीच्या बाजूने घेणे हा स्वभाव नसून मूर्खपणा आहे, हे माझे मत आजही कायम आहे. पण दगड दिसण्याआधीच तुझा पाय तो ओलांडून गेलेला असे, हे कसे होई, ते मी कधी विचारले नाही. पाहत होतास तरी कुठे? पायाशी, की चार पावले पुढे?

दुकान नव्या जागेत हलवल्याचे कळले. चिरंजीवांच्या प्रवेशाचेही मार्गी लागले, हे छान झाले. सविस्तर भेटीत ऐकेन. वहिनींना नमस्कार.

सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनआधी एखाद्या रविवारी सांगलीहून ये. घाट चढून जाऊ आणि उतरताना तू पुढे राहा. मी फक्त तुझे पाय पाहीन. वाटेत उपदेश करायचा नाही. येताना भडंग आण, आणि समर्थ मंदिरापाशी चहाचे पैसे तू द्यायचे आहेस, मागची बाकी तुझ्याकडे आहे.

तुझा,
अरविंद