ग्रीसच्या एका बोटाबद्दल आभार

मिस्त्री, नमस्कार.

गेल्या महिन्यात चोक ओढलेल्या अवस्थेतच तुमच्या दारात आलेली लाल आरएक्स हंड्रेड आठवत असेल. वडिलांची यामाहा, 1994 ची. समोर उभं राहून आभार मानले असते तर ‘बरं बरं, गाडी बाजूला घे’ म्हणाला असतात, म्हणून लिहितोय.

दुखणं विचित्र होतं. थंड गाडीला जास्तीचं पेट्रोल द्यायला चोक, पण इंजिन गरम झालं तरी तो बंद केला की गाडी बंद. आणि सिग्नलला क्लच दाबला की रेस खाली यायचं नाव नाही, एकटीच भणाणत राहायची. एका गॅरेजमध्ये ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणून कार्बोरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, मोठा टाकून दिला. पुढचं शहाणपण माझं. व्हिडिओ बघून कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू बाहेर काढत गेलो, पेट्रोल वाढेल म्हणून.

तुम्ही आधी प्लग काढलात. काळाकुट्ट. मी म्हटलं, बघा, पेट्रोल तर भरपूर येतंय! तुम्ही हसलात. मेन जेटचं काम रेस पूर्ण पिळल्यावर, स्लोला पायलट जेट. ‘म्हंजे तुझी गाडी स्लोला उपाशी आन् फुल रेसला अजीर्ण.’ इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी कार्बोरेटर खोलायला पाना पुढे केला. तो बाजूला ठेवून तुम्ही ग्रीसच्या डब्यात बोट घातलंत आणि गाडी चालू असतानाच, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर खालच्या अंगाने फिरवलंत. भणाणणारी रेस हळूहळू बसली. टप टप टप, लहानपणी अंगणात ऐकायचो तशी. रबराला खालून चीर होती. तिथून चोरून हवा आत जायची, त्या मानाने पेट्रोल कमी पडायचं, म्हणून चोक लागायचा. असंच आणखी पळवलं असतं तर इंजिन तापून पिस्टन धरला असता, म्हणजे आतच जाम झाला असता, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

नवा रबर, मूळ मापाचा मेन जेट. मग मला दहा मिनिटं फिरवून आणायला लावलंत, कारण थंड इंजिनावर सेटिंग करायचं नाही. तुमचा तो बुटका, मुठीला काळी टेप गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. आमचा हवेचा. म्हणजे इतके दिवस मी उपाशी गाडीला आणखी हवाच पाजत होतो! अलगद टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर, तिथून थोडं मागेपुढे करत रेस सगळ्यात वर जाते ती जागा शोधायची आणि शेवटी स्लो खाली आणायचा. तीनदा माझं चुकलं. तुम्ही हात लावला नाहीत, बिडी ओढत ऐकत बसलात.

परवा कासला जाऊन आलो. चोकला हात लावावा लागला नाही. उतरल्यावर प्लग काढून बघितला, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर.

आणि हो, तुमचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या डिकीत निघाला. शोधत असाल. रविवारी सकाळी आणून देतो.

तुमचा,
लाल आरएक्सवाला