मुलामा दिलेले नाणे ‘मिंट एरर’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नाणी विक्री विभाग

विषय : दोन बनावट ‘एरर’ नाण्यांची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘मिंट एरर’, म्हणजे टांकसाळीतच चुकून वेगळी बनलेली, म्हणून विकलेली दोन नाणी घेतली. पहिले १९९८ चे एक रुपयाचे, सालाखाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याच्या आकाराची खूण असलेले. ‘स्टीलऐवजी तांब्याच्या चकतीवर छापले गेले’ असे त्याचे वर्णन होते, किंमत ₹२,८००. दुसरे पाच रुपयांचे, एका बाजूने कड गेलेले ‘क्लिप एरर’, किंमत ₹९००. दोन्हींसोबत आपले सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आले. या नाण्यांत टांकसाळीची काहीच चूक नाही. जे काही केले आहे ते नाणी बाहेर पडल्यावर कोणीतरी केले आहे.

रुपयाला लोहचुंबक लावला आणि ते टपकन चिकटले. तांब्याला चुंबक लागत नाही. त्या काळचा रुपया मात्र लोखंड-क्रोमियमच्या स्टीलचा, म्हणून तो चिकटतोच. सोनाराच्या काट्यावर वजन ४.८८ ग्रॅम भरले. स्टीलच्या रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम आहे. तांबे स्टीलपेक्षा जड असते, त्यामुळे त्याच आकाराचे आणि जाडीचे तांब्याचे नाणे साडेपाच ग्रॅमच्या वर जायला हवे होते.

हे फोनवर सांगितले तेव्हा आपल्या प्रतिनिधीने पवित्रा बदलला : ‘चकतीच तांब्याचा मुलामा चढलेली होती, छपाई नंतर झाली, म्हणून तर ते एरर.’ प्रमाणपत्रात असे काही लिहिलेले नाही, पण तेही मान्य करून पाहू. १० पट भिंगाखाली नाणे धरा. कणसांचे उंचवटे वापरून झिजलेले आहेत, म्हणजे नाणे बरीच वर्षे बाजारात फिरले. मुलामा आधीचा असता, तर सर्वांत आधी त्या उंचवट्यांवरून तो उडाला असता आणि खालचे पांढरे स्टील दिसले असते. इथे उंचवटे लालबुंद आहेत. एवढेच नव्हे, आकड्याच्या बाजूला एक लांब ओरखडा आहे आणि त्याच्या तळाशीही तांबे बसलेले आहे. ओरखडा आधी, तांबे नंतर. अक्षरांच्या कडाही थराने बुजून गोलसर झाल्या आहेत.

पाचच्या नाण्याचे वजन कमी आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही; खरी क्लिपही हलकीच असते. पाहायची ती समोरची कड. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर कटर पडला की चकतीचा तुकडा जातो. मग कड उठवणाऱ्या यंत्रात तिला त्या बाजूने दाब मिळत नाही, म्हणून क्लिपच्या बरोबर समोरची कड बहुधा दबलेली, अस्पष्ट राहते. क्लिपजवळची अक्षरेही छपाईत धातू सरकल्यामुळे थोडी पसरतात. आपण पाठवलेल्या नाण्यात समोरची कड ठसठशीत आहे, अक्षर सुरीने कापावे तसे मधूनच तुटले आहे आणि कापल्या जागी कानशीचे समांतर चरे दिसतात. धातूचा रंगही तिथे ताजा आहे.

‘जगात एकच’ म्हणून विकलेला तो लाल रुपया गेल्या आठवड्यात आपल्या संकेतस्थळावर पुन्हा दिसला. साल वेगळे, वर्णन तेच. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

‘संग्राह्य वस्तू परत घेतल्या जात नाहीत’ ही आपली अट इथे लागू होत नाही. माझा विचार बदललेला नाही; वर्णन एक आणि माल दुसराच, एवढाच मुद्दा आहे. दोन्ही नाण्यांचे ₹३,७०० आणि परत पाठवण्याचा कुरिअर खर्च मला मिळावा, तसेच या वर्णनाची बाकीची नाणी विक्रीतून काढावीत. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माझ्याच जिल्ह्याच्या आयोगात अर्ज देईन.

उत्तर कृपया लेखी द्यावे. ‘सरांशी बोलून कळवतो’ हे फोनवर पुरेसे ऐकून झाले आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती, काट्यावरील वजनाचे व भिंगाखालचे फोटो, स्क्रीनशॉट